ओळीच्या शेवटचे तीन सेकंद

रविवार, १ सप्टेंबर

चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी प्रत्येकाला एक शंभर पानी वही दिली. पुढचे आठ रविवार ते प्रीतीवर बोलणार आहेत. आपण घरी रोज लिहायचे: आज कोणावर प्रीती केली. वही कोणी तपासणार नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले, म्हणजे बहुतेक वह्यांत किराण्याच्या याद्या होणार. आई घरी शिवणकाम करते. तिने घरी येईपर्यंत पहिल्या पानावर गिऱ्हाइकांची मापे उतरवलीसुद्धा.

मी लिहीन. सांगितलेले काम मी करते. पण सुरुवातच खोटी नको म्हणून नोंदवते. देवावर माझा विश्वास आहे, त्यात शंका नाही. माणसांवर माझी प्रीती आहे, हे मात्र शपथेवर सांगता येणार नाही. द्वेष कोणाचाच नाही. दिवसाला बारा-चौदा माणसांचे कान तपासते, सगळ्यांशी नीट बोलते. पण कोणाला पाहून मन भरून येणे वगैरे माझ्याकडे होत नाही. तो भाग माझ्यात बसवायचाच राहिला असावा.

आज कोणावर प्रीती केली: नोंद नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

मंडळीचे सेक्रेटरी आमच्या श्रवण केंद्रावर आले. त्यांचे कान उत्तम आहेत. काम पेटीकाकूंबद्दल होते.

पेटीकाकू अडतीस वर्षे देवळात पायपेटी वाजवतात. वय त्र्याहत्तर. तक्रार अशी की प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या सूर धरून बसतात, आणि गाणारे तोंड उघडे ठेवून ताटकळतात. सेक्रेटरी म्हणाले, गीत म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी मालगाडी झाली आहे. पंचांच्या मते काकूंना ऐकू येत नाही. कोणीतरी मंडळीला ताल धरणारा नवा कीबोर्ड भेट दिला आहे, वाजवायला संगीताचे एक मास्तर तयार आहेत. फक्त मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी तयार नाही. म्हणून मी काकूंचे कान तपासून लेखी अहवाल द्यायचा. पंचांची बैठक १२ ऑक्टोबरला आहे.

"तुमच्या कागदावर कोणी बोट ठेवणार नाही," ते म्हणाले. "त्यांचंही मन दुखायला नको."

मी सांगितले की कागदावर जे यंत्र दाखवेल तेच येईल.

"तेच तर हवंय."

रविवार, ८ सप्टेंबर

आधी दोष मोजावा, मग कारण शोधावे. तिसऱ्या बाकावरून सेकंद मोजायचे घड्याळ लावले. तीन गीते, चव्वेचाळीस ओळी. ओळीच्या शेवटी थांबण्याची सरासरी ३.१ सेकंद. पंचांची तक्रार खरी आहे.

आईने कोपराने ढोसले. "देवाच्या घरातही शर्यत लावलीस का, मोजपट्टी?" मी नऊ वर्षांची असताना तिच्या शिवणीतली तफावत पट्टी लावून दाखवली होती, तेव्हापासून ती मला याच नावाने हाक मारते. ती माझ्या प्रत्येक कपड्याला उजवीकडे एक लहान खिसा लावते, बरोबर या घड्याळापुरता. मी कधी मागितला नव्हता. तेवढे कापड वाया जाते.

उपदेशात पाळकसाहेब म्हणाले, प्रीती म्हणजे वाटणे नव्हे, करणे. हे मला सोयीचे वाटले. पण पुढच्याच वाक्यात म्हणाले, माणूस सगळे काही करूनही प्रीतीवाचून राहू शकतो. म्हणजे करूनही उत्तर शून्य येऊ शकते. मग तपासायचे कसे, ते त्यांनी सांगितले नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

आज सरासरी ०.९ सेकंद. पेटी तीच, काकू त्याच. गीतेही ओळखीची. कारण सापडले नाही.

मोजायला जागा मात्र चांगली मिळाली. शेवटच्या बाकावर नेहमी सुतारबाबा आणि त्यांची सून असतात. देवळातले सगळे बाक बाबांनीच केले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात व बोलणे गेले. आज त्यांना ताप होता म्हणून ते आले नाहीत. मी तिथे बसले. पाठ भिंतीला टेकते, आवाज स्वच्छ येतो.

आजची नोंद विसंगत. सरासरीतून वगळली.

बुधवार, १८ सप्टेंबर

पेटीकाकूंना तपासणीच्या खोलीत बसवले. खोलीच्या भिंती आवाज खातात, त्यामुळे लोक आत गेले की घाबरून हळू बोलू लागतात. काकू मोठ्याने म्हणाल्या की असली एक खोली घरी हवी होती, नवरा असताना.

निकाल: खर्जातले आवाज त्यांना चांगले ऐकू येतात. उंच आवाज बरेच कमी. समजावून सांगितले की बायकांचे बोलणे अर्धे निसटत असेल.

"बायकांचं निसटलेलंच बरं," त्या म्हणाल्या. "पुरुष काय बोलतात ते येतं ना? मग झालं. तेही फार नसतं."

ओळीच्या शेवटी का थांबता, असे सरळ विचारले. माणसांनी श्वास नको का घ्यायला, असे त्यांनी उलट विचारले. मी म्हणाले, श्वासाला तीन सेकंद लागत नाहीत.

"कोणाला कमी लागतो, कोणाला जास्त."

उत्तर मोघम. तसेच नोंदवले. श्रवणयंत्र बसवून पाहू, असे मी सुचवले. त्यांनी थांबणे सोडले तर अहवालाची गरजच उरणार नाही. काकू तयार नव्हत्या. मग त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, तू एवढी मेहनत घेतेस तर घालते बाई.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

काकूंना दोन्ही कानांत यंत्रे बसवली. कानाच्या मापाचे साचे घट्ट बसले. म्हाताऱ्या माणसांची यंत्रे शिट्टी मारतात आणि मग ती कपाटात जातात. ते होऊ नये म्हणून शिट्टी दाबण्याची सोय सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली. काम चोख झाले.

रविवार, २९ सप्टेंबर

सरासरी ०.८.

गीते पाण्यासारखी वाहिली. उपासना वेळेत संपली. सेक्रेटरींनी दारात माझा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, विज्ञान ते विज्ञान. तीन पंचांनी आपल्या घरच्यांचे कान दाखवायला येतो म्हणून सांगितले. काकूंची जागा आता कोणी काढून घेणार नाही असे दिसते. मला बरे वाटले. हे बरे वाटणे चांगल्या कामाचे असते तसेच होते, पण थोडे जास्त.

इतर: सुतारबाबांनी पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात पुस्तक मिटले. सून त्यांना उपदेशाआधीच घेऊन गेली. बहुधा तापानंतरचा थकवा.

आज कोणावर प्रीती केली: पेटीकाकूंवर, असे लिहायला हरकत नाही. पुरावा आहे.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

काकू केंद्रावर आल्या. यंत्र झकास आहे, शेजारणीच्या नळाचा थेंबसुद्धा ऐकू येतो, आणि तिचा नवरा तिला काय बोलतो तेही, अशी माहिती दिली. मग म्हणाल्या, "पण पोरी, मागून आता कोणी गात नाही."

मी यंत्र तपासले. दोष नाही. मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला सहा आठवडे लागतात, असे सांगितले. त्या बरं म्हणाल्या आणि पुढची पाच मिनिटे तिथेच बसून राहिल्या. माझा पुढचा माणूस खोळंबला होता.

रविवार, ६ ऑक्टोबर

सरासरी ०.८. सुतारबाबा आले नव्हते. काकू प्रत्येक कडव्यानंतर पेटीवरून मान उंच करून मागे पाहत होत्या.

उपदेश: प्रभू बरे करण्याआधी माणसाला विचारत असे, तुला काय हवे आहे. आमच्या केंद्राच्या अर्जात असा रकाना नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

हे नीट क्रमाने लिहायला हवे.

अकरा वाजता सुतारबाबांची सून आली. बाबांचे कान तपासायचे म्हणत होती, कारण आठवडाभर ते हाकेलासुद्धा वळून पाहत नाहीत. कधीपासून, असे विचारले. मागच्या रविवारपासून, ती म्हणाली. मग तिने सगळे सांगितले.

पक्षाघातानंतर बाबांकडे चार शब्द उरले आहेत: बरं, नको, ये आणि तिचे नाव. पण देवळात ते गीताच्या पूर्ण ओळी गातात. शब्द उशिरा येतात, पण सगळे येतात. ती स्वतः रविवारी गात नाही, शेजारी उभी राहून फक्त ऐकते.

"ताई, आठवड्यात तेवढीच त्यांची वाक्यं असतात," ती म्हणाली. "त्या दिवशी ते तिसऱ्या शब्दावर होते आणि सगळे पुढच्या ओळीवर गेले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. काल बूट पुढे ठेवले तर नको म्हणाले."

बोलण्याची आणि गाण्याची वाट मेंदूत वेगवेगळी असते. बोलणे गेलेला माणूस सुरावर शब्द आणू शकतो. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले आहे. परीक्षेत आले होते, पूर्ण गुण मिळाले होते.

ती गेल्यावर माझे आकडे काढले. बाबा असतील तेव्हा ३.१. बाबा नसतील तेव्हा ०.९. कारण वगळलेल्या नोंदीत होते. मी त्या दिवशी त्यांच्याच जागेवर बसले होते.

आणि यंत्र. एखादा आवाज लांब, सलग, एकाच पट्टीत आला की शिट्टी दाबणारी सोय त्याला शिट्टी समजते आणि दाबून टाकते. घट्ट साच्यामुळे तो आवाज बाजूनेही कानात शिरू शकत नाही. ऐंशी माणसांच्या गाण्यातून काकू दोन वर्षे एक आवाज वेचून ऐकत होत्या. तेवढा एकच मी बंद केला.

त्यांना बहिरे मी केले. लोकांनी माझा हात हलवला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

केंद्रावरून सुटल्यावर काकूंकडे गेले. त्या पलंगावर बसून गुडघ्यांना तेल लावत होत्या. मी काहीही न वगळता सांगितले. पाठ करून गेले होते, म्हणून अडखळले नाही.

काकूंनी मध्ये एकदाच विचारले, "म्हणजे तो गात होता?"

"हो. तुम्हाला ऐकू आला नाही."

"आणि मी पुढे गेले."

त्यांनी दोन्ही यंत्रे काढून बशीत ठेवली. मला वाटले आता रागावतील. त्याची तयारी होती. त्या उठल्या आणि चहा ठेवला.

पंचांना इतके दिवस खरे का सांगितले नाही, असे मी विचारले. लोक त्यांना बहिरी म्हणत होते, जागा जायची वेळ आली होती.

"सांगितलं असतं तर सगळे थांबले असते की," काकू म्हणाल्या. "माना वळवून वळवून थांबले असते. तसं कोणी थांबलं ना, की माणूस गप्प होतो. म्हणू देत मला बहिरी. माझं काय जातंय?"

मी विचारले, ते तुमचे कोणी लागतात का. कोणी नाही, त्या म्हणाल्या. उलट त्यांच्या बायकोशी, ती होती तोवर, दोन वर्षे अबोला होता, देवळाच्या पडद्यांच्या रंगावरून. आणि रंग तिचाच वाईट होता.

मग मी जे विचारले ते इथे लिहिते, कारण वही कोणी तपासणार नाही. मी विचारले की बाबांची ओळ ऐकताना तुमचे मन भरून येते का.

काकू इतक्या हसल्या की कपातला चहा सांडला. "मन? पेटी मारून मारून माझे गुडघे भरून येतात. अगं, प्रीती वाटते की नाही हे बघायला वेळ कुठे असतो? मी एवढंच बघते, त्याची ओळ झाली की नाही."

चहात साखर जास्त होती. पूर्ण प्यायले.

गुरुवार, १० ऑक्टोबर

अर्धी रजा टाकली. काकूंना बरोबर घेतले आणि संगणक घेऊन सुतारबाबांच्या घरी गेले. यंत्र ज्या आवाजासाठी लावायचे तो आवाजच समोर हवा, दुसरा मार्ग नाही.

बाबा खिडकीपाशी बसले होते. सून दाराला टेकून उभी राहिली. मी त्यांना सांगितले की दोष त्यांच्या गाण्याचा नव्हता, यंत्राचा होता, आणि यंत्र मी लावले होते. आता ते दुरुस्त करायला त्यांची मदत लागेल, एक ओळ गाल का.

"नको," बाबा म्हणाले.

अशा वेळी मी सहसा निघते. काकूंनी मला गप्प बसण्याची खूण केली आणि गुणगुणायला लागल्या. त्यांचा गळा पेटीइतका चांगला नाही. शेवटच्या शब्दाआधी थांबल्या आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या, जणू विसरल्या. बराच वेळ गेला. मग बाबांनी तो शब्द गायला. खोल, थोडा खरखरीत, पट्टीत पक्का.

शिट्टी दाबणारी सोय बंद केली. साच्यांना बारीक भोके पाडली. गाण्यासाठी वेगळी जुळणी केली. चाळीस मिनिटे लागली. चौथ्या ओळीला काकूंनी डोळे मिटून मान हलवली, तेव्हा मला कळले की आवाज पोचला. सुनेने तोंड भिंतीकडे केले होते.

रविवारी याल का, असे मी विचारले. बाबा बरंही म्हणाले नाहीत, नकोही म्हणाले नाहीत.

जिना उतरताना काकूंनी माझा दंड धरला. त्यांचे गुडघे दुखतात. खाली पोचल्यावरही बराच वेळ सोडला नाही. मीही सोडायला सांगितले नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पाच वाजता बैठक. पाच पंच, सेक्रेटरी, पाळकसाहेब, मी. सेक्रेटरी म्हणाले की अहवाल आता नावापुरताच, कारण प्रश्न सुटला आहे.

मी उभी राहिले आणि म्हणाले की प्रश्न सुटलेला नाही. मागचे दोन रविवार यंत्र चुकीचे लावलेले होते. चूक माझी. ती दुरुस्त केली आहे, त्यामुळे उद्यापासून पेटी पूर्वीसारखी थांबेल.

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे बरा झालेला रोगी तुम्ही पुन्हा आजारी पाडलात?" दोन पंच हसले. एकाने एवढे शिकून काय उपयोग असे शेजाऱ्याच्या कानात सांगितले. शेजाऱ्याला कमी ऐकू येत असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आले.

अहवाल वाचला. काकूंचे श्रवण पेटी वाजवायला पुरेसे आहे. थांबणे ऐकू न आल्यामुळे नाही. त्यांनाच पेटीवर ठेवावे, अशी माझी शिफारस आहे.

"मग थांबतात कशामुळे?" सेक्रेटरींनी विचारले.

"कारण मला माहीत आहे. ते सांगणार नाही."

हे मी पहिल्यांदाच केले. कारण माहीत असून कागदावर न लिहिणे हे माझ्या धंद्यात बसत नाही. ते म्हणाले, असे चालत नाही, मंडळीला कारण कळायला हवे, नाहीतर उद्यापासून कीबोर्ड. एक-दोघांनी माना डोलावल्या. काकूंची जागा आणि शेवटच्या बाकावरच्या ओळी त्या क्षणी माझ्या हातातून गेल्या, असे मला वाटले.

पाळकसाहेबांनी सेक्रेटरींना विचारले की या थांबण्याने नेमके नुकसान काय होते. उपासना दहा मिनिटे लांबते, सेक्रेटरी म्हणाले.

"दोन मिनिटं अठरा सेकंद," मी म्हणाले. "मी मोजलंय."

यावर सगळेच हसले, सेक्रेटरीही. पाळकसाहेब म्हणाले, "दोन मिनिटं अठरा सेकंद ही मंडळी देऊ शकते. कीबोर्ड तरुणांच्या सभेला ठेवू. काकू वाजवतील तोवर वाजवतील." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते दर रविवारी मंडळीकडे तोंड करून उभे असतात. तिथून त्यांना शेवटचा बाक किती दिसत असेल, याचा मी आजवर विचार केला नव्हता.

घरी आईला सांगितले की माझे नाव थोडे खराब झाले. "होऊ दे," ती म्हणाली, "धुऊन निघेल." दोन वेळचे जेवले.

आज कोणावर प्रीती केली: ठरवता येत नाही. गडबडीत पाहायचे राहिले.

रविवार, १३ ऑक्टोबर

पहिले गीत सुरू झाले तेव्हा शेवटचा बाक रिकामा होता. पहिले कडवे झाले. काकू मागे पाहत नव्हत्या, पण त्यांची मान ताठ होती. दुसऱ्या कडव्याला दार वाजले आणि सून बाबांना धरून आत आली.

ते उभे राहिले. पुस्तक उघडले नाही. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ सगळ्यांनी संपवली, काकूंनी सूर धरला, आणि त्या सुराखालून बाबांचे उरलेले दोन शब्द आले. दोन्ही आले. मग काकू पुढच्या ओळीवर गेल्या. माझ्या पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, झाली मालगाडी सुरू. मी पहिल्या चार ओळी मोजल्या. नंतर मोजायचे राहिले, कारण मीही गात होते आणि दोन्ही जमेना.

उपासनेनंतर दारात गर्दी होती. बाबा माझ्यासमोर थांबले. डावा हात त्यांनी थोडा वर केला आणि ओठ जुळवले. शब्द येत नव्हता. तो कोणता असणार हे मला दिसत होते. अशा वेळी लोक एकच शब्द शोधत असतात, आभाराचा. तो मी त्यांच्या तोंडात ठेवू शकत होते, म्हणजे दोघांची सुटका झाली असती. केंद्रावर मी रोज तसेच करते.

मागे माणसे खोळंबली. सेक्रेटरी टाचा उंचावून पाहत होते. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, पण ढकलले नाही. बाबांच्या कपाळावर घाम आला. मी तशीच उभी राहिले.

"जेवलीस?" बाबा म्हणाले.

मी धरलेला शब्द हा नव्हता. सुनेनेही चमकून त्यांच्याकडे पाहिले.

"नाही," मी म्हणाले, आणि पुढच्या शब्दासाठी थांबले.